कावळा आणि फांदी

माणसाने घडविलेली बहुतेक यंत्रे आपले दुखणे आधी बोलून दाखवितात. बैलगाडीच्या आसाला वंगण कमी पडले, की चाक कुरकुरू लागते. सायकलची साखळी सैल झाली, की ती खडखडते. भिंतीवरचे घड्याळ एकाएकी थांबत नाही; थांबण्यापूर्वी ते काही दिवस मागे पडत राहते. पिठाच्या गिरणीचा पट्टा झिजला, तर त्याची बदललेली लय गिरणीवाल्याच्या कानाला दुरूनही कळते. अशा यंत्रांजवळ वावरणारा मनुष्य हळूहळू त्यांची भाषा शिकतो आणि मोठा बिघाड होण्यापूर्वीच तेलाची बुधली किंवा पाना हाती घेऊन उभा राहतो.

टेबलावरचा संगणक मात्र या बाबतीत अबोल वाटतो. काम चाललेले असते, अक्षरे पडद्यावर उमटत असतात, आणि एका क्षणी पडदा काळा होतो. ना सूचना, ना निरोप. अर्ध्या तासाची मेहनत त्या काळोखात गडप होते. समोर बसलेला मनुष्य प्रथम गोंधळतो, मग चिडतो आणि मग त्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. एक, ‘काय झाले?’ आणि दुसरा, ‘कोणी केले?’ वास्तविक पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्याला हात घालता येत नाही; परंतु मनुष्यस्वभाव असा विलक्षण आहे, की दुसरा प्रश्नच आधी ओठांवर येतो. कारण पहिल्या प्रश्नाला शोध लागतो, कष्ट लागतात. दुसऱ्याला केवळ एक बोट पुरते. ते कोणाकडे तरी रोखले, की काम भागले!

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, अशी म्हण मराठीत आहे. संस्कृत पंडितांनी यालाच काकतालीय न्याय म्हटले. कावळा ताडावर येऊन बसला आणि त्याच क्षणी ताडाचे फळ खाली पडले. एवढ्यावरून कावळ्याने फळ पाडले असे ठरविणे हे तर्काला धरून नाही. म्हण सर्वांना पाठ असते. परंतु प्रत्यक्ष फांदी तुटते, तेव्हा लोक झाडाचे खोड न तपासता उडून गेलेल्या कावळ्यालाच शोधू लागतात.

एका तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळेचे उदाहरण घ्यावे. या शाळेच्या संगणकखोलीत तीन संगणक होते. त्यांपैकी दोन जुने, केवळ मुलांच्या सरावापुरते. तिसरा इंटरनेटला जोडलेला. शाळेची पत्रे, निकाल, मुलांचे अर्ज, सारे काम त्याच्यावर चाले. ऑक्टोबर महिना होता. पावसाळा सरला होता, उन्हे तापू लागली होती. आठवीच्या एकतीस विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज संगणकावरून भरावयाचे होते आणि मुदत दिवाळीच्या सुटीपूर्वी संपत होती. नेमक्या अशा वेळी त्या संगणकाने काम करता करता बंद पडण्याचा सपाटा लावला.

तो पहिल्यांदा बंद पडला, त्याच्या दहा मिनिटे आधी आठवीतील एका मुलीने त्याला आपला पेनड्राइव्ह लावला होता. विज्ञानाच्या प्रकल्पाची चित्रे तिला छापून घ्यावयाची होती. तिने कारकुनांची परवानगी घेतली होती. तथापि परवानगी दिल्याचे पुढे कोणाच्या लक्षात राहिले नाही, पेनड्राइव्ह तेवढा राहिला. ‘त्यातून काहीतरी आत शिरले,’ असे एकाने म्हटले. ‘व्हायरसच असणार,’ असे दुसऱ्याने ठरविले. संध्याकाळपर्यंत साऱ्या वर्गाला ठाऊक झाले, की शाळेचा संगणक हिने बिघडविला आणि आता सर्वांचे अर्ज हिच्यापायी राहणार. कोणी तिला मारले नाही, कोणी शिक्षा केली नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून पुढच्या बाकावर बसणारी ती मुलगी मागच्या बाकावर बसू लागली आणि प्रश्न विचारला असता तिचा हात वर येईनासा झाला.

विज्ञान शिकविणाऱ्या बाईंच्या लक्षात प्रथम आला तो हा हात, संगणक नंतर. बाई काही संगणकशास्त्राच्या पदवीधर नव्हत्या. परंतु प्रयोगवही लिहिण्याची त्यांना सवय होती, आणि ती सवयच येथे कामी आली. मुख्याध्यापकांनी सुचविले, की तंत्रज्ञाला बोलावून विंडोज पुसून नव्याने भरावी. बाई म्हणाल्या, “सर, दोन दिवस थांबावे. आधी रोग कोणता ते पाहू. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे व्हायचे.”

त्यांनी एक साधी दोनशेपानी वही घेतली. पहिल्या पानावर चार रकाने आखले: सुरू केल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, त्या वेळी चाललेले काम आणि शेरा. ही वही संगणकाशेजारी दोरीने बांधून ठेवली आणि कारकुनांना विनंती केली, की संगणक बंद पडला तर रागावण्यापूर्वी एक ओळ लिहावी.

दरम्यान त्यांनी बंद पडण्याचा प्रकार बारकाईने पाहिला. संगणक बंद होणे म्हणजे सर्व वेळा एकच गोष्ट नव्हे. कधी एखादा प्रोग्रॅम किंवा विंडोज स्वतः संगणकाला बंद होण्याची आज्ञा देते. त्या वेळी पडद्यावर तसा मजकूर येतो, उघड्या फायली आवरल्या जातात आणि मग दिवा मालवतो. कधी निळा पडदा दिसून संगणक पुन्हा सुरू होतो. तेव्हा संशय रॅमवर किंवा एखाद्या सदोष ड्रायव्हरवर जातो. येथे मात्र तसे काही नव्हते. भिंतीतला प्लग कोणी उपटून काढावा, तसा सारा कारभार एका क्षणात थांबे. पुढच्या वेळी सुरू झाल्यावर विंडोज आपल्या घटनांच्या नोंदीत एवढेच लिही, की यापूर्वीचे बंद होणे अनपेक्षित होते. नोंदीचा क्रमांक ४१. या नोंदीवरून संगणक नीट बंद न होता थांबला एवढे कळते. तो का थांबला हे कळत नाही. पंचनाम्यात प्रेत सापडल्याची वेळ असावी आणि मृत्यूचे कारण नसावे, तसा तो प्रकार.

वीज जाते म्हटल्यावर पहिली चौकशी विजेचीच व्हावयास हवी. संगणक आणि त्याचा मॉनिटर दोन्ही एकाच यूपीएसला जोडलेले होते. यूपीएसमधील बॅटरी जुनी झाली, की ती वीज जाताच मान टाकते आणि दोष संगणकाला लागतो, हा अनुभव अनेक कचेऱ्यांत येतो. बाईंनी पाहिले, की संगणक बंद पडल्यावरही मॉनिटरचा दिवा जळतच राहतो. म्हणजे यूपीएस वीज देत होता, भिंतीतला सॉकेटही ठीक होता. दोन माणसे एकाच ताटात जेवली आणि एकालाच बाधले, तर दोष अन्नाचा नसण्याचाच संभव अधिक. तरीही त्यांनी संगणकाच्या पाठीमागची केबल काढून शेजारच्या जुन्या संगणकाची केबल लावून पाहिली. बंद पडणे तसेच राहिले. मग त्यांनी पुढचे बटण दाबून पाहिले. हे बटण दाबलेलेच अडकून राहिले, तर चारपाच सेकंदांत संगणक बंद होतो. क्षुल्लक दिसणारे हे कारण पुष्कळदा मोठमोठ्या दुरुस्त्या करून झाल्यावर सापडते. येथे बटण चांगले उसळी घेऊन परत येत होते. वहीत तीन गोष्टींपुढे फुली पडली. ती फुली म्हणजे अपयश नव्हे. जेथे शोधण्याचे आता कारण उरले नाही अशा जागेची ती खूण.

मग बाईंनी त्या मुलीला बोलाविले. ती खाली मान घालून आली आणि विचारण्याआधीच म्हणाली, “बाई, मी काही केले नाही.” गेल्या चार दिवसांत तिला जो तो एकच प्रश्न विचारीत होता, ‘तू काय केलेस?’ बाईंनी तो विचारला नाही. त्यांनी विचारले, “त्या दिवशी तू तिथे बसली होतीस. तुला काय दिसले, काय ऐकू आले?”

मुलगी क्षणभर थांबली. मग म्हणाली, “पंखा फार मोठ्याने ओरडत होता, बाई. मी पेनड्राइव्ह लावण्याच्या आधीपासूनच. आणि डब्याच्या मागे हात नेला तर गरम झळ लागत होती.”

चार दिवस जी साक्ष कोणी घेतली नव्हती, ती अशी एका प्रश्नाने मिळाली. संगणक अबोल नव्हता. तो महिनाभर ओरडत होता. त्याचा वेग मंदावला असल्याची तक्रार कारकूनही करीत होते. ऐकणारे कान तेवढे नव्हते, आणि जे होते त्यांना कोणी विचारले नव्हते.

वहीतील नोंदीही आता बोलू लागल्या. सकाळी साडेसातला सुरू केलेला संगणक चाळीस मिनिटे चालला होता; दुपारी दोन वाजता तोच वीस मिनिटांत थांबला होता. बंद पडताच लगेच सुरू केला, तर तो दोनतीन मिनिटेही तग धरीत नसे. अर्धा तास विश्रांती दिली, तर पुन्हा वीस मिनिटे चाले. पत्र लिहिताना तो अधिक टिके आणि मोठ्या चित्रांचे काम निघाले की लवकर थांबे. या साऱ्या ओळी एकाखाली एक वाचल्या, तर त्यांतून एकच शब्द उमटतो, आणि तो म्हणजे उष्णता. थंड वेळी उशीर, गरम वेळी घाई, श्रम अधिक तर घाई अधिक, विश्रांतीने आराम. व्हायरसला सकाळ काय आणि दुपार काय!

परंतु तर्क कितीही चांगला असला, तरी तो पडताळून पाहिल्यावाचून सिद्ध होत नाही. बाईंनी एक सोपा प्रयोग केला. संगणक सुरू होताना ठराविक कळ दाबली, की बायोसचा पडदा उघडतो. या पडद्यावर संगणक असतो तेव्हा विंडोज सुरूच झालेली नसते. अर्थात् तिच्यात दडून बसलेला व्हायरसही जागा झालेला नसतो. या बायोसमध्ये प्रोसेसरचे तापमान दाखविणारे एक पान असते. ते पान उघडून बाई, कारकून आणि ती मुलगी असे तिघे समोर बसले. मुलीच्या हाती वही दिली. प्रारंभी आकडा ६२ अंश सेल्सिअस होता. दहा मिनिटांनी ७९. वीस मिनिटांनी ९१. पंखा घोंगावत होता. आकडा ९७ वर गेला आणि थोड्याच वेळात पडदा काळा झाला. मुलीने वेळ लिहिली. विंडोज नव्हती, पेनड्राइव्ह नव्हता, कोणी कळ दाबली नव्हती. तरी संगणक बंद पडला होता. त्या एका ओळीने तिची सुटका केली. मात्र तिला तसे कोणी बोलून दाखविले नाही. कारकून खिडकीबाहेर पाहत राहिले.

येथे एक गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. प्रोसेसर ही नखाहून फारशी मोठी नसलेली सिलिकॉनची चकती. पण तिच्यातून वाहणाऱ्या विजेची अखेर उष्णताच होते. ती उष्णता वाहून नेण्यासाठी तिच्यावर ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवितात आणि त्यावर पंखा वारा घालतो. या ठोकळ्याला हीटसिंक म्हणतात. एवढे करूनही उष्णता साचू लागली, तर प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो. आणि तेवढ्यानेही भागले नाही व तापमान मर्यादेपलीकडे गेले, तर संगणकाची वीज तोडली जाते. ही मर्यादा जातीपरत्वे निरनिराळी असते, पण पुष्कळ प्रोसेसरांत ती १०० अंशांच्या आसपास वा त्याहून काहीशी वर असते. पूर्वीच्या काही प्रोसेसरांत ही सोय नव्हती. हीटसिंक निसटला, तर ते काही क्षणांत जळून जात. तात्पर्य, ज्याला सारे जण बिघाड म्हणत होते, तो बिघाड नसून बचाव होता. संगणक मरत नव्हता. तो स्वतःला वाचवीत होता. खरा दोष त्याच्यामागे दुसरीकडेच दडला होता.

शाळा सुटल्यावर संगणक उघडण्यात आला. प्लग काढला, मग आत उरलेली वीज निघून जावी म्हणून सुरू करण्याचे बटण एकदा दाबले, हाताला चिकटलेली स्थिर वीज नाजूक भागांवर उतरू नये म्हणून पेटीच्या लोखंडी अंगाला स्पर्श केला, आणि नंतरच बाजूची पट्टी सरकविली. आतील दृश्य पाहून कारकूनही थक्क झाले. खोलीच्या एका अंगाला फळा होता आणि दुसऱ्या अंगाला खेळाचे मैदान. खडूची पांढरी भुकटी आणि मैदानाची तांबडी धूळ पात्यांच्या फटींत अशी दाटून बसली होती, की जणू त्यावर लोकरीची गोधडी पांघरली होती. पंखा फिरत होता, पण वाऱ्याला जावयास वाटच नव्हती. माणसाने तोंडावर उशी दाबून धापा टाकाव्यात, तशी त्या यंत्राची गत झाली होती.

पेटी व्हरांड्यात नेऊन मऊ कुंचल्याने धूळ झाडली. वारा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली. कारण जोराच्या झोताने पंखा वेडावाकडा गरगरला, तर त्याचा कणा बिघडतो. एसएमपीएस नावाची पेटी मात्र उघडली नाही. तिची केवळ बाहेरची जाळी साफ केली. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज बनविणारी ही पेटी. तिच्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टहून अधिक दाबाची वीज साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तशीच राहू शकते. धाडस आणि अविचार यांच्यामधली रेघ ओळखणे हाही दुरुस्तीच्या विद्येचाच भाग आहे.

संगणक पुन्हा जोडला. वीस मिनिटे झाली, चाळीस झाली. सर्वांच्या चेहऱ्यावर हसू उमटले. बावन्नाव्या मिनिटाला तो पुन्हा बंद पडला.

अशा क्षणी माणसाची खरी परीक्षा होते. एक कारण सापडले, ते खरेही होते. मग दुःख का उरले? ‘धूळ हे कारण नव्हतेच,’ असे कोणी म्हणेल, तर तेही चूक. कारण वीस मिनिटांची बावन्न मिनिटे धूळ काढल्यामुळेच झाली होती. एका परिणामाला दोन कारणे असू शकतात, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून बाईंनी बाकीच्या संशयितांचीही हजेरी घेतली. मदरबोर्डवरील कपॅसिटर पाहिले. इ. स. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरांमुळे जगभर पुष्कळ संगणक निकामी झाले होते. अशा कपॅसिटरांची डोकी फुगतात, कधी त्यांतून तपकिरी द्रव झिरपतो. येथे सर्वांची डोकी सपाट होती. एखादा सुटा स्क्रू पेटीत लोळून दोन तारांची गाठ घालीत आहे काय, हेही पाहिले. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले आणि ती पुन्हा नीट बसविली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलली आणि वहीत लिहिली. कारण एकदम चार गोष्टी बदलल्या आणि संगणक सुधारला, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कधीच कळत नाही.

अखेर मुलीच्या नजरेला ते पडले. हीटसिंकच्या चार कोपऱ्यांना चार प्लॅस्टिकच्या खुंट्या होत्या. त्यांपैकी तीन खोल रुतल्या होत्या आणि चौथी किंचित वर उचललेली होती. जेमतेम दाण्याएवढे अंतर! परंतु त्यामुळे हीटसिंक एका अंगाला कलला होता आणि प्रोसेसरला पुरता टेकत नव्हता. गावातील तंत्रज्ञाला बोलाविले. त्याने ठोकळा उचलून दाखविला, तो मधला लेप सुकून त्याच्या खपल्या झालेल्या. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांत अडकलेली हवा उष्णतेला अडविते. त्या पोकळ्या भरून काढण्यासाठी हा लेप असतो. तंत्रज्ञाने जुना लेप पुसून मुगाच्या दाण्याएवढा नवा लेप ठेवला आणि चारही खुंट्या टक्क असा आवाज येईपर्यंत दाबल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी संगणक सलग तीन तास चालविला. तापमान ५८ च्या वर गेले नाही. कारकून म्हणाले, “झाले एकदाचे!” परंतु बाईंच्या मते अजून एक प्रयोग उरला होता. ज्या घटनेवरून आरोप झाला, ती घटना पुन्हा घडवून पाहणे आवश्यक होते. त्यांनी मुलीला पेनड्राइव्ह आणावयास सांगितला. मुख्याध्यापक, कारकून आणि आठवीचा सारा वर्ग समोर होता. तिने हात पुसले, पेनड्राइव्ह लावला. आधी तो व्हायरससाठी तपासून घेतला, तो निर्दोष निघाला. आणि मग चार दिवस अडून राहिलेली प्रकल्पाची चित्रे एकामागून एक छापून बाहेर आली. संगणकाचा पंखा मंद आवाजात फिरत होता.

एकतीस अर्ज पुढच्या दोन संध्याकाळी भरून झाले. कारकुनांनी त्या मुलीची क्षमा मागितली नाही. मोठ्या माणसांना ते अवघड जाते. परंतु तिसऱ्या दिवशी त्यांनी संगणकखोलीची किल्ली काढली, ती कोणा मुलाच्या हाती न देता तिला हाक मारून तिच्याच हाती दिली. ती पुन्हा पुढच्या बाकावर केव्हा बसू लागली, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत झाली नाही.

दोष शोधण्याची ही रीत काही नवी नाही. संगणक जितका जुना, तितकीच तीही जुनी आहे. १९४६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक नावाचा संगणक जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्यांपैकी एखादी जळाली, की गणित अडे. नलिका बहुधा तापताना आणि निवताना, म्हणजे यंत्र सुरू किंवा बंद करताना जातात, हे नोंदींवरून ध्यानात आल्यावर तेथील लोक ते यंत्र बंद करण्याचेच टाळू लागले. तरीही एका दमात बिघाडावाचून ते अधिकात अधिक चालले, ते ११६ तास. आणि हे साधावयास १९५४ साल उजाडावे लागले. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः घडविलेला संगणक १९६० साली पूर्णपणे कामास लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. त्यातही सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. अशा यंत्रांवर काम करणाऱ्यांना बिघाड हा रोजचा सोबती होता. त्याच्यावर रागावून त्यांचे भागण्यासारखे नव्हते; त्याला ओळखणे भाग होते.

या बाबतीतली एक नोंद जगप्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या संगणकात चूक होऊ लागली. तेथील मंडळींनी एकेक भाग तपासीत जाऊन सत्तर क्रमांकाचा रिले शोधून काढला, तो त्याच्या पट्ट्यांमध्ये एक पतंग अडकलेला! यंत्रातील दोषाला ‘बग’, म्हणजे कीड, म्हणण्याची पद्धत त्यापूर्वीही होती; एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रातही तो शब्द आढळतो. परंतु येथे खरोखरीचीच कीड सापडली. त्या संगणकावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर ही गोष्ट पुढे आयुष्यभर हौसेने सांगत. ती नोंदवही आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जतन करून ठेवली आहे.

माणसामाणसांच्या व्यवहारातही फांद्या रोज तुटत असतात. वर्गातली खिडकी फुटते, घरातले पैसे हरवतात, पीक बुडते, संस्था डबघाईला येते. अशा वेळी बोट रोखण्यास विलंब लागत नाही आणि ते बहुधा दुबळ्याकडेच रोखले जाते; कारण कावळ्याला आपली बाजू मांडता येत नाही. दोष देणे आणि दोष शोधणे यांत शब्दाचे अंतर थोडे आहे, पण वृत्तीचे अंतर फार मोठे आहे. दोष देणाऱ्याला एक माणूस सापडला, की तो थांबतो. दोष शोधणारा मात्र खुंटी दाण्याएवढी वर उचललेली आहे हे दिसेपर्यंत थांबत नाही. आणि वाटेत ज्याला त्याला विचारतो, ते ‘काय केलेस?’ असे नव्हे, तर ‘काय पाहिलेस?’ असे.

हार्वर्डच्या त्या नोंदवहीचे पान आजही पाहावयास मिळते. त्यावर दुपारी पावणेचारची वेळ लिहिली आहे, रिलेचा क्रमांक लिहिला आहे आणि तो पतंग पारदर्शक पट्टीने कागदाला चिकटविला आहे. यंत्राशी त्या दिवशी कोण बसले होते आणि चूक कोणाच्या पाळीत झाली, याचा आरोप त्या नोंदीत नाही. काम पुन्हा सुरू करण्यासाठी त्याची गरज पडली नव्हती.